वारस कोण, याच्या आधीचा प्रश्न



स्मृतिव्याख्यानात दिवंगतांच्या गुणांबद्दल बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आज दिवंगतांच्या मालमत्तेबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, शिवाय जरा अप्रिय. तेराव्याच्या पंगतीत ज्याची कुजबुज चालते तो विषय व्यासपीठावर आणायला नको, असे काहींना वाटेल. पण कुजबुजीतच राहिल्यामुळे तो दरवेळी कोर्टात जातो, म्हणून मोठ्याने बोललेले बरे.

त्यासाठी मी तंजावर निवडले आहे. तंजावर म्हटले की आपल्याला सरस्वती महाल आठवतो, सरफोजीराजे आठवतात, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा तो लांबलचक मराठी शिलालेख आठवतो. हे सगळे आठवावेच. परंतु त्या राज्याची सुरुवात भावांच्या वाटणीच्या तंट्यात झाली आणि त्याचा शेवट वारसाच्या तंट्यात झाला, ही गोष्ट आपण सहसा एका दमात सांगत नाही. ती आज सांगतो.

शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांचा कर्नाटकातला सगळा मुलूख, खजिना, घोडी, जडजवाहीर व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिले. व्यंकोजींनी पुढे तंजावर घेतले. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला धाकट्या सावत्र भावाला भेटीस बोलावले आणि वडिलांच्या दौलतीतला निम्मा वाटा मागितला. तेरा वर्षे तुम्ही एकट्याने खाल्लेत, असा त्या मागणीचा सूर होता. व्यंकोजींनी काय करावे? रात्री नदी ओलांडून ते निघून गेले. आपल्या घराघरांत हेच घडते. वाटणीची बैठक ठरते आणि ज्याच्याकडे कागद असतात तो आदल्या रात्री गावाला जातो.

पुढे लढाई झाली आणि मग समेट झाला. तो व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या शहाणपणाने झाला असे आपले बखरकार आणि इतिहासकार सांगतात. तहात बंगळूर आणि त्याभोवतीचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी तोडून दिला गेला. एवढी मोठी वाटणी, आणि तिच्यात बाईच्या नावाने वेगळे काढलेले काहीतरी आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तंजावरच्या राजवाड्यातल्या बायकांच्या नावाने वेगळे काय होते, हेच कुणाला सांगता आले नाही.

दुसरा तंटा १७८७ चा. तुळजाराजांना पोटचा वारस उरला नव्हता. मरणाच्या काही दिवस आधी त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच सरफोजी. राजांनी डोळे मिटताच कंपनीने पंडितांना विचारले आणि पंडितांनी दत्तविधान सदोष असल्याचे सांगितले. गादीवर तुळजाराजांचा सावत्र भाऊ अमरसिंह बसला. काही वर्षांनी पुन्हा पंडितांना विचारण्यात आले, या वेळी काशीपर्यंत, आणि तेच दत्तविधान निर्दोष ठरले. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. शास्त्र तेच होते, मुलगाही तोच होता. बदलली होती ती विचारणाऱ्याची इच्छा. १७९९ च्या तहाने मुलूख आणि कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा एक हिस्सा उरला. राज्य गेले आणि राजवाडा राहिला. त्या राजवाड्यातले काय राज्याचे आणि काय राजाचे, याची नोंद त्या वेळी कुणी केली नाही. केली असती, तर माझे आजचे व्याख्यान निम्म्याने कमी झाले असते.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. मुलगा नव्हता. मागे आई, मुली आणि डझनाहून जास्त विधवा राण्या. शेवटच्या काळात वारस व्हावा म्हणून या राजाने एकाच वेळी अनेक लग्ने लावली होती. म्हणजे जे टाळण्यासाठी लग्ने लावली ते टळले नाही, आणि हक्कदारांची संख्या तेवढी वाढली.

गादीचा प्रश्न कंपनीने आपल्या पद्धतीने सोडवला. रेसिडेंट हेन्री फोर्ब्स यांनी मुलीचा वारसा मानावा असे सुचवले होते. वरिष्ठांनी ते नाकारले. पुत्र नाही, म्हणून राज्य खालसा. ही डलहौसीची रीत आपल्याला सातारा, नागपूर, झाशीवरून ठाऊक आहे. पण तंजावरला खालसा करायला राज्य उरलेच कुठे होते? मुलूख अर्धशतकापूर्वीच गेला होता. उरला होता राजवाडा आणि त्यातले सामान, दागिने, ग्रंथ, जनावरे, शेतीवाडी, वाडे, देवस्थाने. ऑक्टोबर १८५६ मध्ये, राजाच्या मृत्यूला वर्ष होत आले असताना, तेच फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात आले. मालमत्तेवर सील लागले आणि दारांवर पहारे बसले.

पट्टराणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. काही काळापूर्वीपर्यंत राजवाड्याबाहेर जिचे नावही कुणी घेत नसे, अशी बाई कंपनीला प्रतिवादी करते. हे १८५६ साल आहे हे ध्यानात घ्या. त्यांच्या बाजूने जॉन ब्रूस नॉर्टन हे नामांकित वकील उभे राहिले. म्हणणे अगदी साधे होते. राज्य तुम्ही घेतले, ते तुमचे तुमच्यापाशी. पण राजाची खासगी मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे, पुत्र नसल्याने, विधवेकडे येते. मी थोरली विधवा आहे, ती मला द्या. मद्रासच्या न्यायाधीशांना हे पटले. निकाल राणीच्या बाजूने लागला.

सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तोवर कंपनीची राजवट संपली होती, त्यामुळे अपील भारतमंत्र्यांच्या नावाने चालले. १८५९ साली लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल दिला आणि राणीचा दावा फेटाळला. कारण काय? जप्ती न्याय्य होती म्हणून नव्हे. कंपनीला त्या मालमत्तेवर कायद्याने हक्क कसा येतो हे दाखवणे अवघड आहे, असेच न्यायाधीशांच्या बोलण्यातून दिसते. पण ही एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्यावर केलेली राजकीय कृती आहे आणि अशा कृतीच्या बरोबर-चुकीत देशातल्या कोर्टांना पडता येत नाही, असे त्यांनी ठरवले. घेणाऱ्याने घ्यायचे ठरवून घेतले, एवढे पुरे. खासगी आणि राजकीय असा भेद घेताना केला गेला नव्हता, म्हणून तो नंतर कोर्टानेही करायचा नाही.

भारताच्या कायद्यात हा खटला अजून वाचला जातो. सार्वभौम कृतीचे तत्त्व शिकवताना तो येतोच, आणि विद्यार्थी कामाक्षीबाईंचे नाव इंग्रजी वर्णलेखनामुळे ‘कामाची बोये’ असे वाचतात. त्यांना ही तंजावरची मराठी राणी हे माहीतही नसते.

हरल्यावर काय झाले ते पाहा. जे हक्काने मागितले होते ते १८६२ मध्ये कृपा म्हणून परत मिळाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या मद्रास सरकारच्या आदेशाने खासगी मालमत्ता राण्यांना देण्यात आली. थोरल्या राणीने ती सांभाळावी, बाकीच्या राण्यांनी हयातभर उपभोगावी, शेवटची राणी गेल्यावर ती राजाच्या मुलीकडे आणि मुलगी नसल्यास राजाच्या पुढील वारसांकडे जावी. कारकुनाने भरभर लिहून टाकावे असे हे एक वाक्य. या एका वाक्याचा अर्थ लावण्यात पुढची साठ वर्षे गेली.

राण्यांमध्ये ताबडतोब वाद झाला. थोरली सांभाळणार म्हणजे मालक की नुसती कारभारीण? १८६८ साली मद्रास हायकोर्टाने सांगितले की हक्क सगळ्यांचा सारखा आहे, थोरलीकडे फक्त व्यवस्था आहे. कामाक्षीबाईंनी मुलगा दत्तक घेतला, त्यामुळे आणखी एक शाखा फुटली. राजकन्या मुक्तांबाबाई १८८५ मध्ये वारल्या, म्हणजे ज्यांच्याकडे मालमत्ता जायची त्याच, काही राण्यांच्या हयातीत गेल्या. शेवटची राणी १९१२ साली गेली. राजाला जाऊन तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती, आणि ‘राजाचे पुढील वारस’ शोधण्याची वेळ आत्ता कुठे आली होती.

मग दावेदारांची रांग लागली. दत्तकाची शाखा होती. मंगळविलासात राहणाऱ्या, राजाशी खड्गविवाह (म्हणजे राजाच्या जागी तलवारीशी लग्न) झालेल्या स्त्रियांच्या संततीचे लोक होते. आणि थेट कोल्हापूरचे महाराज होते, भोसल्यांचे रक्ताचे नाते सांगत. शहाजीराजांच्या दोन मुलांच्या वाटणीचा वाद अडीचशे वर्षांनी मद्रासच्या कोर्टात नव्याने उभा राहावा, हे कुठल्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला हसलो असतो. १९२४ चा हायकोर्टाचा निकाल प्रचंड आहे. त्यात भोसल्यांचे मूळ, राज्याभिषेक, वर्ण, लग्नविधी या सगळ्यांचा खल आहे. कारण त्या वेळच्या शास्त्राप्रमाणे विवाहबाह्य पुत्राला वारसा मिळायचा की नाही हे वर्णावर अवलंबून होते. शूद्रांत त्याला काही हिस्सा होता, वरच्या वर्णांत नव्हता. न्यायालयाने तंजावरचे भोसले शूद्र ठरवले. वेदोक्ताच्या वादाने कोल्हापूर ढवळून निघाल्याला तेव्हा पाव शतक झाले नव्हते तोच कावेरीकाठच्या चांदीच्या भांड्यांचा हिशेब करताना एका कोर्टाला हा प्रश्न पडावा! मला या निकालातला वर्णनिर्णय पटत नाही, आणि अशा निर्णयासाठी कोर्ट ही जागाही नव्हे. पण मालमत्तेच्या वादात काय काय बाहेर निघते याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

या सगळ्या धुमश्चक्रीत एकच गोष्ट नीट वाचली, ती म्हणजे ग्रंथालय. कारण त्याची यादी होती. तंजावरचे जिल्हा न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी १८७० च्या दशकात राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवारी केली आणि ती सूची १८८० मध्ये छापून निघाली. कोणता ग्रंथ कुठे आहे हे जगाला माहीत झाले, तेव्हा तो कुणाला गुपचूप वाटून घेता येईना. १९१८ साली घराण्यातल्या मंडळींच्या संमतीने सरस्वती महाल सार्वजनिक झाला. बाकी दागदागिन्यांच्या वाट्याला इतके भाग्य आले नाही.

आता राजवाड्यातून रस्त्यावर येऊ. तंजावरच्या मेलवीदीत, म्हणजे पश्चिम राजवीथीत, एखाद्या देशस्थ रायरांच्या घरी वडील वारले असे धरा. घर वडिलांच्या नावावर. आई आहे, मुलगा चेन्नईत, मुलगी लग्न होऊन पुण्यात, आणि वडिलांची नव्वदीची आई माडीवर. अशी घरे तिथे कितीतरी आहेत. घरात बोलतात ती तंजावर मराठी, कागदपत्रे तमिळमध्ये, जुनी खते मोडीत.

पहिले काम मृत्यूची नोंद. एकवीस दिवसांत ती कायद्याने करायची असते. दुसरे काम तिकडे सगळे लगेच सुरू करतात, ते वारस दाखल्याचे. ई-सेवा केंद्रात अर्ज होतो, गावचा व्हीएओ म्हणजे आपल्या तलाठ्याचा जोडीदार चौकशी करतो, महसूल निरीक्षक पाहतो आणि तहसीलदार सही करतो. इथे पुण्याच्या लेकीची अडचण होते. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पुण्याच्या आधारकार्डावर सासरचे आडनाव लागलेले दुसरे. दोन्ही एकच बाई हे पटवायला प्रतिज्ञापत्र करावे लागते. ज्यांच्या लेकी महाराष्ट्रात आहेत त्यांनी हे वडील जिवंत असतानाच करून ठेवावे.

आणि माडीवरची आजी? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातले वारस. चौघांचा वाटा सारखा. आजीचे नाव अर्जात घालायला लोक सर्रास विसरतात. कधी कधी विसरत नाहीत, गाळतात. वर्षभराने आजी गेली की तिच्या वाट्याला आत्या आणि काका हक्कदार होतात आणि मग सह्यांसाठी माणूस पाठवावा लागतो. मुलींबद्दल तमिळनाडू आपल्या पुढे होता, हेही सांगून टाकतो. वडिलोपार्जित संपत्तीत अविवाहित मुलींना हक्क देणारी दुरुस्ती तिथे १९८९ पासून लागू झाली, महाराष्ट्रात १९९४ मध्ये, आणि सगळ्या देशात सर्वच मुलींसाठी २००५ मध्ये.

तहसीलदाराचा हा दाखला हातात आला की घर आपले झाले, असे लोक समजतात. तसे नसते. दाखला नाते सांगतो. मालकी कुणाची आणि किती, हे तो सांगत नाही. पट्ट्यावर, म्हणजे तिकडच्या जमीन-नोंदीवर, नाव चढले म्हणजेही मालकी सिद्ध झाली असे नाही, जसे आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव आल्याने होत नाही. तीच गोष्ट नॉमिनीची. बँकेत, शेअर्समध्ये ज्याचे नाव लावले तो पैसे घेणारा, मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच हे सांगितले होते (तिथला कायदा २०१५ मध्ये बदलला), शेअर्सबाबत २०२३ मध्ये सांगितले. तरी ‘बाबांनी माझं नाव लावलंय’ हे वाक्य अजून प्रत्येक घरात मालकीच्या सुरात उच्चारले जाते.

मृत्युपत्र असेल तर? इथे एक जुनी गंमत होती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातल्या कलम २१३ मुळे हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचे ते कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या जुन्या इलाख्यांच्या हिशेबाने. मृत्युपत्र मद्रास शहरात केले किंवा त्यातले घर मद्रास शहरात असले की प्रोबेट सक्तीचे. तंजावरला केलेल्या, तंजावरच्याच घराबद्दलच्या मृत्युपत्राला नाही. मुंबई आणि सातारा यांच्यातही तोच फरक. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. बरे झाले. पण सक्ती गेल्याने सगळ्यांची सोय झाली असे मला वाटत नाही. भावंडांत एकमत असेल तिथे प्रोबेट आधीही नुसता खर्च होता. एकमत नसेल तिथे मात्र जिल्हा न्यायालयात जाऊन मृत्युपत्र खरे आहे हे एकदाचे ठरवून घेणेच शहाणपणाचे, मग ते पुण्यात असो की तंजावरात.

प्रोबेटची रीत फार गूढ नाही. मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक अर्ज करतो. नेमला नसेल तर वारसाला व्यवस्थापत्र मागावे लागते. मृत्यूनंतर पुरे सात दिवस गेल्याशिवाय प्रोबेट देत नाहीत, व्यवस्थापत्राला चौदा दिवस. नातेवाइकांना नोटिसा जातात. कुणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षे मोजायची. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि त्यातला निदान एक कोर्टात सांगायला जिवंत असला तर फार बरे. म्हणून साक्षीला आपल्यापेक्षा तरुण माणसे घ्या. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

याच कायद्यात एक तरतूद आहे जी वकील घाईने ओलांडून जातात. प्रोबेट मिळालेल्या व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. आधी काय आहे ते मांडा, मग कोणाचे ते बघू, हा क्रम कायद्याने लिहून ठेवला आहे. १७९९ मध्ये हा क्रम कुणी पाळला असता, तर १८५६ मध्ये फोर्ब्स यांना राजवाड्याच्या सगळ्या दारांना एकच सील लावणे इतके सोपे गेले नसते. मग कामाक्षीबाईंच्या वकिलाला ‘खासगी’ हा शब्द पुराव्याने भरता आला असता. निकाल तरीही विरुद्ध गेला असता कदाचित, बळाचा प्रश्न होता. पण आपल्या घरी फोर्ब्स येत नाहीत. आपल्या घरी भाऊ येतात, आणि भावांपुढे यादी टिकते.

तंजावरात घर असलेल्यांसाठी तीन गोष्टी सांगून थांबतो. सब-रजिस्ट्रारकडून ईसी काढा, म्हणजे घरावर आजवर कोणते दस्त नोंदले गेले ते दिसेल. भावंडे हक्क सोडणार असतील तर तोंडी सोडू नका. तिकडे त्या दस्ताला विडुदलै पत्तिरम म्हणतात, तो नोंदवलाच पाहिजे. पेटीत मोडीतली जुनी वाटणीपत्रे असतील तर ती रद्दीत घालण्याआधी सरस्वती महालात किंवा तंजावरच्या तमिळ विद्यापीठात दाखवा. मोडी वाचणारे लोक तिथे आहेत.

आणि तुम्ही सगळे, तंजावरचे असा वा नसा, या आठवड्यात आपल्या नावावर काय काय आहे ते एका कागदावर लिहून काढा: घर, जमीन, खाती, विमा, लॉकर, कुणाला दिलेले उसने आणि कुणाचे घेतलेले. सही करा, तारीख घाला आणि तो कागद घरातल्या बायकांना वाचून दाखवा.